नावं झाकून

विजेच्या मागणीचा अंदाज बांधणाऱ्या खात्याच्या संचालक बाई मास्तरांचा अहवाल मोठ्यानं वाचत होत्या. त्या ‘ड’ या सॉफ्टवेअर पॅकेजपाशी आल्या आणि टेबलाभोवतीच्या मंडळींना हसू आवरेना.

“‘आकड्यांच्या मालिकेतला एखादा महिना गळाला की ‘ड’ सरळ मागच्या महिन्याचाच आकडा पुढे ढकलतं. त्यामुळे त्याच्या हिशोबी कडाक्याच्या थंडीतही घराघरात पंखे फिरत असतात. ज्यानं हे लिहिलं त्याला एक तर घरी जायची घाई होती, नाहीतर वर्षात ऋतू किती असतात याचा पत्ता नव्हता.’”

मास्तरही गालातल्या गालात हसले. साठीला टेकलो तरी लेखणीची धार गेली नाही म्हणायची.

खात्यात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तीस वर्षं खात्याचे सगळे अंदाज त्यांनी स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर निघत होते. ते पुढेही चालू ठेवायचं की बाहेरचं एखादं घ्यायचं, हे ठरवायला बाईंनी त्याच्यासकट चार पॅकेजांना एकच आकडेवारी चारली आणि तुलनेचं काम मास्तरांवरच सोपवलं. “नावं झाकून द्या,” असं मास्तरांनीच बजावलं होतं. “ओळखीचं दिसलं की माणूस झुकतं माप देतो.” मग त्यांच्या भाच्यानं नुसते निकाल छापून चार गठ्ठे त्यांच्यापुढे ठेवले. अ, ब, क, ड. भाच्याला खात्यात चिकटवलं होतं तेही मास्तरांनीच.

दोन आठवडे त्यांनी डोळ्यांत तेल घालून ते गठ्ठे तपासले. ‘ब’ आपलं, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. आपल्या लेकराची चाल बापाला कळणार नाही? अंदाज नेमके, वळणावर कुठे ठेच नाही. उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून त्यांनी ‘ब’चा एक गुण कापलासुद्धा. ‘ड’ला मात्र सोलून काढलं.

“‘शिफारस,’” बाई शेवटच्या पानावर आल्या. “‘‘ड’ तातडीनं बंद करावं. त्याच्या दुरुस्तीत वेळ घालवू नये.’” त्यांनी कागद खाली ठेवले. “सगळ्यांना मान्य? मग आता नावं उघडू या.”

भाच्यानं वही उघडली. अ, ब आणि क ही तिन्ही बाहेरची निघाली.

“आणि ‘ड’ आपलं,” तो म्हणाला. “म्हणजे, मास्तरांचं.”

टेबलाच्या त्या टोकाहून कुणीतरी “पंखे!” एवढंच म्हणालं आणि सगळे फुटले. एकाला तर ठसका लागला.

“तेव्हा मशीनमध्ये दोन वर्षांचे आकडे एकदम मावत नसत,” मास्तर म्हणाले. “म्हणून तात्पुरतं तसं केलं होतं. नंतर ते...”

“मास्तर,” बाई गोड आवाजात म्हणाल्या, “तुलनेच्या तक्त्यात कारणांसाठी रकाना नाही. तक्ता तुम्हीच आखलाय.”

जेवायच्या सुट्टीत मास्तर जागेवरून उठले नाहीत. त्यांनी आपलं जुनं सॉफ्टवेअर उघडलं, ती जागा शोधली आणि लिहायला बसले. गळालेला महिना आता गेल्या पाच वर्षांतल्या त्याच महिन्यांवरून भरला जाणार होता. दहा ओळी झाल्या. त्यांनी तीच आकडेवारी पुन्हा घातली. चूक ‘ब’पेक्षाही कमी आली. विश्वास बसेना म्हणून आणखी दोनदा घातली. दोन्ही वेळा तेच.

छापलेला कागद गरम होता तोवरच ते बाईंच्या केबिनमध्ये शिरले. बाई आणि भाचा चहा पीत होते. मध्ये नव्या विभागाचा आराखडा पसरला होता. सगळ्यात वरच्या चौकटीत भाच्याचं नाव होतं. मास्तरांनी कागद त्यावरच ठेवला.

“दहा ओळी, मॅडम! फक्त दहा ओळींचं काम होतं. बघा, सगळ्यांच्या पुढे गेलंय.”

बाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. “माहीत आहे. गेल्या वर्षीच यानं मला करून दाखवलं होतं. आठ ओळींत.”

मास्तर भाच्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम घरातला झाला.

“तुला ठाऊक होतं? मग मला का नाही रे सांगितलंस?”

भाच्यानं कप खाली ठेवला, ओठ पुसले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, लाजही नव्हती.

“सांगितलं असतं तर तुम्ही ते दुरुस्त केलं असतं, मामा.”