धवलारणीची कॅसेट

साहेब, आमच्या अंजनाबाईचा आवाज तुम्ही पुसलात. वेसाव्याच्या अर्ध्या कोळीवाड्याची लग्नं या धवलारणीने गाऊन लावली. 'नवे आवाज पाठवा' ही तुमच्या कॅसेट-कंपनीची जाहिरात वाचून तिची एकुलती एक कॅसेट मीच पाठवली. वर्षभर तुमचं उत्तर नाही. तेवढ्यात बाई गेली. काल कॅसेट परत आली, सोबत चिठ्ठी, 'बाजारात चालणार नाही.' बाईची लेक सुगंधा धावत आली. "दादूस, रविवारी माजे हलदीला आयचाच आवाज लाव ना!" टू-इन-वन लावला, तर कुणाची पोर इंग्रजी कविता म्हणतेय, मागून तिचा बाप, "व्हेरी गुड, बेबी!" सुगंधा दोन्ही बाजू संपेपर्यंत हलली नाही. पुसू नये म्हणून कॅसेटच्या कडेची टिकली तोडतात. ती मी तोडली नाही, माझा गाढवपणा. पण रविवारच्या आत सांगा: पुसण्याआधी एकदा तरी तिला ऐकलंत का?