बिल उतरलं

"ए, बिल उतरलं!" कुंदन मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला. नवा फाइव्ह स्टार फ्रिज घ्यायचा की नाही, यावर त्या घरात दोन महिने नुसता काथ्याकूट चालला होता. जुना वीज खातो म्हणावं, तर नव्याची किंमत वसूल व्हायला सात वर्षं. कुठूनही मरणच! आणि आता जुन्याच फ्रिजवर बिल कमी आलेलं.

जागृती ओट्याशी भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. परवाच दवाखान्यातून फोन आला होता, या वेळीही गर्भ राहिला नाही. तेव्हापासून तिला कशाचंच कौतुक उरलं नव्हतं.

"मी उतरवलं बिल," दाराशी लसूण सोलत बसलेल्या सासूबाई, चांगुणाबाई म्हणाल्या. स्वारी भलतीच खूश होती. "तूच बोल्लास ना, आख्ख्या घरात हाच जास्त लाइट खातो? मंग मी काय करते, तुमी झोपले का फ्रिजचं बटन बंद. पहाटे पानी भरायला उठले का चालू. रातचा कोन उघडतो त्याला?"

"आई, तू तर इंजिनियर निघालीस!" कुंदन हसला.

"तुमच्या दवाखान्याला किती पैसा लागतो, मला काय दिसत नाय? थेंबे थेंबे तलं साचं, बाबा."

जागृतीची सुरी थांबली. गर्भ राहावा म्हणून घ्यायची तिची इंजेक्शनं फ्रिजच्या दारातच असायची, अंड्यांच्या कप्प्याखाली. "सतत थंडच होती ना?" डॉक्टरांनी खोदून विचारलं होतं. "सतत," तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. आता तिला रडूही येईना.

कुंदनचं हसू मावळलं. त्याने फ्रिजकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, अगं तू हे..."

जागृतीने त्याचं मनगट घट्ट धरलं. सांगून काय होणार होतं? नातवासाठी एकवीरेला नवस बोललेली बाई ती. ऐकलं तर जीव देईल.

दोघांचे चेहरे पाहून चांगुणाबाई बावरल्या. "काय चुकलं का माझं? नको करू बंद?"

"करा, आई," जागृती म्हणाली. "आता दिवसाही करा. त्यात जपायचं काही राहिलं नाही."