तपासणी

दुपारी बारा वाजता कंपनीच्या तंत्रप्रमुख वसुधा टिपणीस यांचा कोड नापास झाला. कित्येक वर्षं मीटिंगांत घालवल्यावर, निवृत्तीच्या तोंडावर, त्यांनी पुन्हा स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता. पाच वाजता येणाऱ्या ॲपच्या नव्या आवृत्तीत तो जावा, एवढीच हौस होती. सहकाऱ्याने तपासल्याशिवाय कुणाचाच कोड पुढे जाणार नाही, हा नियमही त्यांचाच.

"मॅडम, चार चुका आहेत," तपासणारी निलोफर म्हणाली. "आणि असं आता कुणी लिहीत नाही."

"म्हातारी म्हणतेस मला?"

"तुम्हाला नाही, कोडला."

टिपणीसबाई खदखदून हसल्या. "आजच्या मीटिंगा रद्द!" म्हणत त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

पावणेपाचला सुधारलेला कोड आला. सगळा मजला निलोफरच्या खुर्चीमागे जमला आहे. ती अजून वाचतेय.