शब्दांचे ढीग

“भांडण पहिल्या ढिगात,” तो म्हणाला. “जो माल जास्त खपतो, तो दर्शनी भागात मांडायचा.”

“आधी दुखणं,” ती म्हणाली. “गळ्याला भोक पडल्यावर माणूस भांडत बसत नाही.”

“माझा गळा डॉक्टरांना कळला. मी अजून तुलासुद्धा कळलो नाही.”

हॉस्पिटलच्या खाटेवर नवरा-बायको समोरासमोर मांडी घालून बसली होती. उद्या सकाळी त्याचं स्वरयंत्र काढणार होते. गाठ आणखी पसरायच्या आत काढायची होती. तो फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. बाजार त्याला भोंगा म्हणायचा, आणि तोही त्या नावाला ऐटीत ओ द्यायचा. आता त्या भोंग्यातून नुसती घोगरी फुंकर येत होती. उद्यापासून तीही येणार नव्हती.

“लिहून बोला ना काका, पाटी देते की,” सिस्टर जाता जाता म्हणाली.

“लिहून भांडता येतं का? ही चष्मा शोधेपर्यंत माझा राग उतरतो.”

म्हणून ही बोटाच्या ठोक्यांची भाषा. आधी ढिगाचा आकडा ठोकायचा, मग दम घ्यायचा, मग ढिगातल्या शब्दाचा. शब्द निवडणं, ढीग लावणं हे त्याने फळांसारखंच चालवलं होतं. डागी शब्द बाजूला, टिकाऊ वर. दुसरा ढीग दुखण्याचा: गळा, पाठ, डोकं. तिसरा गरजेचा: ओठ ओले कर, उशी नीट कर, पाहुण्यांना घालव. या शेवटच्यावर दोघंही हसली. त्याचं हसणं मध्येच खोकल्यात अडकलं आणि तिने पाण्याचा पेला पुढे केला.

“आता पहिला,” घोट गिळून तो म्हणाला. “एक ठोका, गप्प बस. दोन, मला सगळं कळतं. तीन...”

तो खिडकीकडे बघत राहिला.

“तीन, हे तुझ्यामुळे.”

तिने चादरीची सुरकुती उगाच सरळ केली. ऑपरेशनला तो किती तरी आठवडे नाहीच म्हणत होता. आवाज गेल्यावर मी उरतो कशाला, हे एकच पालुपद. ती रडली, रुसली, जेवण सोडून बसली. शेवटी त्याने सही केली, तीही कागद फाटेल अशी.

“घाला,” ती म्हणाली. “लागेलच तुम्हाला. आता याच ढिगात माझा एक शब्द. चौथा ठोका, तुझंच खरं.”

“हा माल आपल्या घरात कधी आला?”

“नव्या भाषेत तरी येऊ दे.”

“गिऱ्हाईक नाही त्याला. कुजेल.” त्याने खाटेच्या कठड्यावर बोट आपटलं. “आणि चौथा ठोका नसतोच. एक वार, दोन वार, तीन वार, सौदा पक्का. पुढे कोणी देवाची आण घेऊन ओरडला तरी त्याची बोली धरत नाहीत. हा हात आयुष्यभर तिसऱ्याला थांबलाय.”

“पडून राहू दे एका कोपऱ्यात. तुमच्या ढिगाला काय जड होतंय?”

त्याने तो शब्द काढून टाकला नाही. ढीग तसाच ठेवला.

सकाळी स्ट्रेचर निघालं. ती दांडी धरून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत चालत गेली. तिथे त्याने तिला खुणेने वाकायला सांगितलं आणि उरलीसुरली फुंकर गोळा केली.

“काही झालं तर, हे तुझ्यामुळे.”

दार मिटलं. सगळा संसार ज्या आवाजात झाला, त्या आवाजाचं शेवटचं वाक्य तिच्या पदरात पडलं ते हे.

दुसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. तो जागा होता. गळ्याभोवती जाड पट्टी, नाकात नळी, आणि छातीच्या वर, जिथे कधी काही नव्हतं, तिथून श्वासाची शीळ. नजर छताला लागलेली.

“काका कशालाच दाद देत नाहीत,” सिस्टर हळूच म्हणाली. “पाटी दिली तर ढकलून दिली. ओठ ओले करू का विचारलं की डोळे मिटून घेतात.”

ती स्टुलावर बसली. कठडा त्याच्या हाताला लांब होता, म्हणून तिने आपला तळवा उताणा करून त्याच्या बोटांखाली सरकवला.

“मी आलेय,” ती म्हणाली. “जे काय बोलायचं असेल ते बोला. मी ऐकते.”

मग एक बोट हललं.

एक ठोका. मग दम.

पहिला ढीग. तिला हायसं वाटलं. भांडतोय म्हणजे माणूस जागेवर आहे. गप्प बस म्हणेल, म्हणू दे. तो म्हणाला तर ती जन्मभर गप्प बसायला तयार होती.

एक. दोन. तीन.

बोट तिच्या तळव्यावर टेकून राहिलं.

तिने मान खाली घातली. “हो,” ती म्हणाली. “माझ्यामुळेच.”

“काय म्हणाले?” सिस्टरने विचारलं.

“ओठ कोरडे पडलेत म्हणतात.”

ती कापूस आणायला उठू लागली. हात काढून घेताना कळलं, त्याने तिची करंगळी धरून ठेवली होती. तो आता छताकडे बघत नव्हता. लिलाव चालू असताना कोणी मध्येच उठलं की तो जसा बघायचा, तसा तिच्याकडे बघत होता. ती पुन्हा बसली.

करंगळी सुटली. आणि आयुष्यभर तिसऱ्याला थांबलेल्या त्या बोटाने, अडखळत, चौथा ठोका दिला.