पाटीवरची कोरी जागा

"बाबा, मी सीए न्हाई, सीएमए करते." एका दमात सांगून मी मान खाली घातली. घाटनांदूरच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या बाबांनी रंगवलेल्या, पाटी न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवायचे, "पोरगी सीए होणार हाय!" आता बाबांनी हातातला ब्रश खाली ठेवत विचारलं, "कावून?" "लोकांचे हिशेब तपासण्यापेक्षा कारखान्यात साखरेचं पोतं कितीला पडतं, ते काढायला मला लई आवडतं. अन् नोकऱ्याबी हायत तिथं." ते आत गेले आणि आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेली पत्र्याची पाटी घेऊन आले. निळ्या रंगात माझं नाव, पुढे स्वल्पविराम, त्यापुढे कोरी जागा. रंग कधीचाच वाळलेला. "मग गावाला सीए सांगत होतात ते?" मी डोळे पुसत विचारलं. "तोंडानं मानूस कायबी बोलतो, बाई. पाटीवर तुला इचारल्याबिगर कसं लिवावं?"