आबांकडून आलेली पालखी

गावच्या शिमग्याची पालखी सिद्धेश जोगेश्वरीच्या घरात पलंगावर बसून मोबाईलवर थेट बघत होता. त्या ॲपची रीत अशी, की जो बघतो त्याचाच फोन पुढच्याला चित्र पोचवतो. आणि चित्र कोणाकडून आलं त्याचं नाव खाली दिसतं.

आज खाली नाव होतं: धाकू आबा.

सिद्धेशने नाव पुन्हा वाचलं. हेच त्याचे आजोबा गेल्या शिमग्याला तापाने फणफणत, याच पलंगावर पालखी बघत होते. त्यांच्या फोनवरून भावकीतले कितीतरी जण बघत होते, आणि त्यापायी सिद्धेशचा ऑफिसचा कॉल अडकत होता. वैतागून त्याने गुपचूप आबांच्या फोनचं वायफाय तोडलं.

“सिद्धेशा, माका दिसणा नाय रे.” आबांनी त्याचा हात धरला.

“नेट गेलंय, आबा. झोपा आता.” त्याने हात सोडवून घेतला.

गावच्या घरी पालखी पोचण्याआधीच आबा गेले.

सिद्धेशने आता स्वतःचं वायफाय बंद केलं, डेटाही बंद केला. पालखी नाचतच राहिली.

“श्वेता, कपाटात आबांचा फोन आहे ना?”

बायको तो घेऊन आली. मागचं झाकण उघडं, बॅटरीची जागा रिकामी.

“धर बघू, केवढा तापलाय हा!”

पडद्यावर पालखी त्यांच्या गावच्या घराच्या अंगणात शिरली. सिद्धेशने आबांचा फोन हातात घेतला. तेव्हा आबांचा हातही असाच पोळत होता.

घाबरून त्याने बोटं उघडली.

त्याच्या हातावरची पकड सुटली नाही.