परत गेलेला कोंबडा

"बाबा, समजा तुम्हाला कुणी काही आणून दिलं. तर ती भेट की लाच, हे कसं ओळखाल?"

गोकुळने पेपरातून डोकं वर काढलं नाही. लेकीने हे सहज विचारलं की मुद्दाम, ते त्याला आधी ठरवायचं होतं. हर्षाली पुण्याला विद्यापीठात एमबीए करत होती आणि दिवाळीच्या सुटीत जव्हारला घरी आली होती. 'जागतिक संदर्भात व्यवसायनीती' असा तिचा काहीतरी विषय होता. त्यावर निबंध लिहायचा म्हणून सकाळपासून ती ओटीवर इंटरनेटवरून काढलेले कागद पसरून बसली होती. ते ठीक. पण जगात एवढे देश पडलेले असताना हिने तहसील कचेरीतल्या आपल्यासारख्या एका कारकुनालाच का धरावं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

"तुझ्या पुस्तकात काय दिलंय?" त्याने सावधपणे विचारलं.

"जपानमध्ये वर्षातून दोनदा भेटी द्यायची रीतच आहे. काही देशांत भेट नाकारली तर माणसाचा अपमान होतो."

"बघ. म्हणजे रीतभात नावाची गोष्ट असते." गोकुळला जरा बरं वाटलं.

"पण आमचे सर एक सोपी कसोटी सांगतात. घेतलेली वस्तू उद्याच्या पेपरात छापून आली, तर चालेल का?"

गोकुळने हातातल्या पेपरची घडी घालून तो बाजूला ठेवला.

नेमका तेव्हाच साखरशेतचा सुकऱ्या फाटक ढकलून आत आला. काखेत पाय बांधलेला तांबडा कोंबडा.

"भाऊसायेब, चंदाचा दाखला झाला का? जातीचा दाखला नाय तं पोरीला वसतिगृहातून घरी धाडतील, मास्तरीण बोलली."

गोकुळ काही बोलणार, तेवढ्यात त्याची बायको मीना आतून टोपली घेऊन बाहेर आली. कोंबडा झाकायची टोपली. तिला कुणी हाक मारली नव्हती. हर्षालीने टोपलीकडे पाहिलं, मग आईकडे.

"हे काय आणलंस?" गोकुळचा आवाज नको तेवढा चढला. "मी असलं काही घेत नाही. परत ने तो."

सुकऱ्या त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. "नाय घ्यायचा?"

"नाही. कचेरीत ये, काम होईल."

"अहो, त्याचा दाखला तर..." मीनाने तोंड उघडलं आणि गोकुळला जोरात खोकला आला.

दाखला सही-शिक्का होऊन केव्हाचा तयार होता. आत खुंटीवरच्या पिशवीत होता. आता काढून दिला तर लेक विचारणार, कचेरीचा कागद घरात कशाला? त्यापेक्षा चार दिवस थांबेल सुकऱ्या. तसंही त्याला थांबायची सवय होती.

सुकऱ्या कोंबडा घेऊन निघाला. फाटकाशी थांबून त्याने मागे वळून पाहिलं, रस्त्याला लागल्यावर पुन्हा पाहिलं. गोकुळ मात्र खूश होता. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"हे लिही तुझ्या निबंधात," तो म्हणाला. "माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे."

हर्षालीने काही लिहिलं नाही. "आई, टोपली कशाला आणली होतीस?"

"पालापाचोळा भरायला."

अंगण सकाळीच झाडून झालं होतं. हर्षालीने तिकडे एकदा नजर टाकली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.  

दुपार कलली आणि फाटकाशी बकरी ओरडली. सुकऱ्या उभा होता. घामाने भिजलेला. काखेत सकाळचाच कोंबडा आणि हातातल्या दोरीला गाभण बकरी.

"कोंबड्यावर भागत नाय, समजला मना," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पर गेल्या साली रेशनकार्ड कोंबड्यावरच झाला व्हता, भाऊसायेब. भाव वाढला तं सकाळीच सांगायचा व्हता. माजी एक खेप वाचली असती."

गोकुळला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं आणि नजर तिच्याकडेच गेली. ती रागावलेली दिसत नव्हती. तिला नवल वाटल्याचंही दिसत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

हर्षाली उठली. सकाळचं आईचं अर्धं वाक्य आणि बाबांचा खोकला तिने जोडून ठेवला असावा. आतून खुंटीवरची कचेरीची पिशवी आणून तिने बाबांसमोर ठेवली.

गोकुळने दाखला काढला.  "हा घे. आणि ही बकरी, कोंबडा, दोन्ही घेऊन जा. मला काही नको, सुकऱ्या. खरंच नको." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हे मनापासून म्हणत होता.

सुकऱ्याने शिक्का नीट पाहिला आणि कागद सदऱ्याच्या आत सरकवला. मग कोंबडा ओटीच्या पायरीवर ठेवला आणि बकरीची दोरी खांबाला बांधू लागला.

"अरे, नको म्हटलं ना मी!"

सुकऱ्याने एकवार पिशवीकडे पाहिलं, एकवार गोकुळकडे.

"राहू द्या, भाऊसायेब," गाठ आवळत तो म्हणाला. "धाकट्या पोरीचाबी दाखला काढायचाय."